बोक्याची लघवी अडते तेव्हा

बोका सारखा लिटर ट्रेमध्ये जाऊन बसतो, कुंथतो, विव्हळतो, आणि थेंबही पडत नाही. घरच्यांना वाटतं, पोट साफ होत नसेल. मग कुणी एरंडेलाचं बोट चाटवतं, कुणी म्हणतं उद्यापर्यंत बघू. पण बहुतेकदा पोट नव्हे, मूत्रमार्ग तुंबलेला असतो, आणि मग उद्याची वाट पाहण्याची चैन परवडत नाही.

घरमांजराचे पूर्वज आफ्रिका आणि पश्चिम आशियाच्या कोरड्या मुलखातले. पाणी मिळायचं ते मुख्यतः शिकारीच्या मांसातून. त्यामुळे मांजराला तहान कमी लागते आणि त्याची मूत्रपिंडं पाणी राखून अगदी घट्ट लघवी तयार करतात. उंदराच्या शरीरात 70 टक्क्यांच्या आसपास पाणी. पाकिटातल्या कोरड्या दाण्यांत जेमतेम 10 टक्के. लघवीत स्फटिक धरतात, चिकट स्राव मिसळतो, आणि नराच्या मूत्रमार्गाच्या अरुंद टोकाशी त्याचं बूच बसतं. मादीचा मार्ग आखूड आणि रुंद असतो, म्हणून तिच्यात हे क्वचितच घडतं. घर बदललं, दुसरं मांजर आलं, एवढ्या ताणानेही मूत्राशय सुजतं. तिथे जंतू नसतातच बहुधा, त्यामुळे उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या काय कामाच्या?

लघवी पूर्ण अडली की रक्तातलं पोटॅशियम चढतं आणि हृदयाचे ठोके बिघडतात. दोन-तीन दिवसांत मृत्यू येऊ शकतो. डॉक्टर भूल देऊन नळी घालतात, सलाइन लावतात. वारंवार अडत असेल तर शस्त्रक्रियेने मार्ग रुंद करतात. घरी पोट दाबून पाहू नये, ताणलेलं मूत्राशय फुटू शकतं.

मांजर दुखणं लपवतं. मॉन्ट्रियल विद्यापीठातल्या संशोधकांनी 2019 मध्ये त्यासाठी चेहऱ्याची मोजपट्टी मांडली: कान, डोळे, तोंडाचा भाग, मिशा आणि डोक्याची ठेवण, प्रत्येकाला शून्य ते दोन गुण. बाहेर वळलेले कान, बारीक झालेले डोळे, खाली झुकलेलं डोकं. दहापैकी चार गुण झाले की वेदनाशामकाचा विचार करायचा.

वेदनाशामक म्हणजे आपल्या डब्यातलं पॅरासिटामॉल मात्र नव्हे! ते निकामी करणारं यकृतातलं विकर मांजरात जवळजवळ नसतंच. एका गोळीनेही रक्तातलं हिमोग्लोबिन ऑक्सिजन वाहायचं सोडतं, हिरड्या तपकिरी पडतात, चेहरा सुजतो. उतारा आहे, पण तो दवाखान्यात, आणि वेळेत पोहोचलात तरच. कुत्र्यासाठीचं परमेथ्रिनचं पिसवांचं औषधही तसंच घातक.

उपाशी मांजराचंही असंच. लठ्ठ मांजराने दोन-तीन दिवस अन्न सोडलं, तर अंगातली चरबी यकृतात साठू लागते. 'रुसलंय, खाईल भूक लागली की' हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं आहे. पिलाला ताप, उलट्या, जुलाब दिसले की पॅनल्यूकोपेनिया या विषाणूजन्य आजाराची शंका घ्यावी; त्यावर लस आहे आणि ती सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करतात.

ट्रे रोज साफ करताना लघवीचे गोळे मोजत जा, पाण्याचे वाडगे एकाहून अधिक ठेवा, ओलं अन्न द्या. आणि रात्री उघडा असणाऱ्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा नंबर आजच फोनमध्ये साठवून ठेवा.