स्वस्तातले स्थैर्य

विष्णुपुरीला काळेश्वराच्या घाटावर लग्नाआधीचे चित्रीकरण आता नेहमीचेच झाले आहे. मी तिथे गेलो की नवरा-नवरीपेक्षा चित्रीकरणवाल्या पोरांच्या हातातली अवजारे पाहतो. कॅमेरा हलू नये म्हणून प्रत्येकाकडे एक दांडा, आणि तो बहुधा स्वस्तातला.

मूळ कल्पना अमेरिकेतील गॅरेट ब्राऊन यांची. १९७६ च्या ‘रॉकी’त त्यांच्या ‘स्टेडिकॅम’ची करामत जगाने पाहिली. वजन मध्यापासून दूर विभागले की वस्तू सहजी डुलत नाही, हे इथल्या अभियांत्रिकी संस्थेतला कोणताही विद्यार्थी सांगेल. मात्र ‘स्टेडिकॅम’चे ओझे स्प्रिंगच्या हातावरून अंगातल्या जाकिटावर उतरते. स्वस्त दांड्यात नेमके तेच गाळलेले! वर दीड किलोचा कॅमेरा, खाली तोलाची वजने आणि सगळा भार एका मनगटावर. थोड्याच वेळात हात थरथरतो. मग चित्र कसे थरथरणार नाही? मोटारवाले स्वस्त यंत्र जड भिंगाखाली गुरगुरते आणि नदीवरच्या वाऱ्यात मान टाकते.

तोल साधल्यावर दांडा आडवा धरून सोडावा. दोन-तीन सेकंदांत, न अडखळता उभा झाला तर बेअरिंग बरे. दुकानात हे कोणी करत नाही. (टीव्ही घेताना मात्र आपण तासभर रिमोट दाबत बसतो.)

ओळखीच्या एका मुलाच्या दांड्याची पट्टी ऐन पाठवणीत सरकली. कॅमेरा वाचला, आईच्या गळ्यात पडलेली लेक चौकटीबाहेर गेली. वधूपित्याने उरलेले पैसे दिले नाहीत. यंदा तो जुनी तिपाईच घेऊन लग्नांना जातो आहे.