शुक्रवारची सुट्टी, रविवारची सुट्टी

मालेगावात यंत्रमाग शुक्रवारी बंद, तर मुंबईचे मुळजी जेठा, मंगळदास हे कापडबाजार रविवारी. वसुलीचा दौरा यातूनच आखावा लागतो.

२ एप्रिल २०११, शनिवार. आम्ही मुंबईत होतो. दुपारी अडीचला वानखेडेवर विश्वचषकाचा अंतिम सामना सुरू झाला आणि पेढीवरच्या वह्या मिटल्या. "भाई, सोमवारी या," असे उत्तर मिळाले. भारत जिंकला, आम्हीही खूश झालो. पण दोन रात्री लॉजवर गेल्या आणि घरी मुले वाट पाहत राहिली.

व्यापारी बंधूंनो, दौरा ठरवण्यापूर्वी बाजाराची सुट्टी, मुलांची सुट्टी आणि मोठे सामने एकाच कॅलेंडरवर मांडा. महिन्यातला एक शुक्रवार तरी घरच्यांसाठी राखून ठेवा. उधारी सोमवारीही वसूल होते.