पोलादी नळीतील वायू

भिलाईचे नाव निघाले की पोलाद आठवते. तेथील पहिली झोतभट्टी १९५९ साली सुरू झाली आणि पुढे तेथे घडलेल्या रुळांवरून देशभर आगगाड्या धावू लागल्या. पोलाद भार पेलते, हे सर्वांना ठाऊक आहे. परंतु पोलादाची साधी चौकोनी नळी डोळ्यांना न दिसणाऱ्या कणाचा मागही काढू शकते, हे फार थोड्यांना माहीत असते.

अंतराळातून येणारे विश्वकिरण वातावरणातील अणूंवर आदळतात, तेव्हा म्यूऑन नावाचे विद्युत्भारित कण निर्माण होतात. ते घराचे छप्पर भेदून आपल्या शरीरातूनही आरपार जातात. पण आपल्याला काहीच जाणवत नाही. मग त्यांचा माग कसा काढावा?

त्यासाठी नळीच्या मध्यातून एक अतिशय बारीक तार ताणून बसवतात. नळीतील हवा काढून नव्वद टक्के आरगॉन आणि दहा टक्के मिथेन भरतात व तारेला काही हजार व्होल्टचा विद्युत्दाब देतात. म्यूऑन वायूतून जाताना अणूंतील काही इलेक्ट्रॉन सुटे करतो. हे इलेक्ट्रॉन तारेकडे खेचले जातात आणि तारेजवळ वेग वाढल्याने आणखी इलेक्ट्रॉन सुटे करतात. उतारावरून एक दगड घरंगळताना अनेक दगडांना सोबत घेऊन जावा, तसाच हा प्रकार होय. त्यातून विजेचा एक स्पंद मिळतो. मिथेन ही क्रिया आवाक्यात ठेवतो. मात्र बाहेरची हवा आत झिरपली, तर तिच्यातील ऑक्सिजन इलेक्ट्रॉन पकडतो आणि स्पंद क्षीण होतो. म्हणून नळी हवाबंद राखणे हे या कामातील मोठे कौशल्य आहे. अशा नळ्यांचे थर एकमेकांना आडवे रचले, म्हणजे कोणकोणत्या नळ्यांतून स्पंद आला यावरून कणाचा मार्ग कळतो.

मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी जपानी सहकाऱ्यांसह १९८० च्या सुमारास कोलारच्या सोन्याच्या खाणीत, सुमारे २३०० मीटर खोल, असे थर उभारले. प्रोटॉनचा ऱ्हास होतो काय, हे त्यांना पाहायचे होते. त्याचा निर्विवाद पुरावा मिळाला नाही आणि पुढे तो प्रयोग थांबला. परंतु नळ्या वाया गेल्या नाहीत. उटी येथील ग्रेप्स-३ या प्रयोगात त्या पुन्हा कामी आल्या. तेथील म्यूऑन दुर्बिणीत प्रत्येकी सहा मीटर लांबीच्या ३७१२ नळ्या बसवल्या गेल्या.

१ डिसेंबर २०१४ रोजी उटीवर मोठे वादळ आले. ढगांतील विद्युत्दाबामुळे म्यूऑनांची संख्या किंचित घटली आणि नळ्यांनी ती घट टिपली. त्यावरून ढगातील विद्युत्दाब सुमारे १३० कोटी व्होल्ट असल्याचे शास्त्रज्ञांनी काढले व २०१९ साली प्रसिद्ध केले. ढगांत एवढा दाब असू शकेल, असा अंदाज विल्सन या शास्त्रज्ञाने १९२९ सालीच वर्तवला होता.

ज्या प्रश्नासाठी उपकरण घडवले, त्याचे उत्तर हाती आले नाही. तरीही नीट घडवलेले आणि जपलेले तेच उपकरण दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देऊन गेले.