पाळकांच्या खबरी

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

तीसेक वर्षांपूर्वीची गोष्ट. आईच्या आजारपणात मी मिरजेला महिनाभर दवाखान्यात बसून होतो. शेजारच्या खोलीत एक निवृत्त ख्रिस्ती पाळक होते. वय ऐंशीच्या घरात. त्यांच्याकडे इंग्रजी मासिकांचा एक जुना गठ्ठा होता आणि कुठलाही अंक हातात घेतला की ते आधी शेवटचं पान उघडत. त्या पानावर कोण कुठल्या मंडळीत रुजू झाला, कोणी जागा सोडली, कोण निवृत्त झाला, कोण वारला, एवढंच असायचं. मी गमतीनं म्हटलं, "हे तर बदल्यांचं गॅझेट दिसतंय." ते म्हणाले, "बदल्या कसल्या भाऊ, पाचारण म्हणा."

त्या एका शब्दात प्रेस्बिटेरियन पंथाचा सगळा कारभार आहे, हे मला पुढे वाचनातून कळलं. 'प्रेस्बिटर' हा ग्रीक शब्द, अर्थ वडील माणूस. स्कॉटलंडमध्ये सोळाव्या शतकात हा पंथ रुजला. त्याच्या रचनेत बिशप नाही. गावच्या मंडळीचे वडील आणि पाळक मिळून सेशन, परिसरातल्या मंडळ्यांची मिळून प्रेस्बिटरी आणि सर्वांच्या वर जनरल असेंब्ली. तिचा अध्यक्ष एका वर्षापुरता. वर्ष संपलं की तोही पुन्हा साधा पाळक.

जागा रिकामी झाली की मंडळी आपल्यातून एक समिती निवडते. समिती उमेदवार शोधते, त्याचं प्रवचन ऐकते. मग तो सर्वांसमोर प्रवचन करतो आणि मंडळी मत देते. मत अनुकूल पडलं की त्याला पाचारणाचा कागद जातो आणि त्यावर सभासदांच्या सह्या असतात. तरी काम संपत नाही. प्रेस्बिटरीनं ते मान्य करावं लागतं. स्कॉटलंडमध्ये तर रुजू होण्याआधी उपासनेत जाहीर वाचन होतं की, या माणसाच्या वर्तनाबद्दल किंवा शिकवणीबद्दल कोणाला हरकत असेल तर पुढे यावं. आपल्याकडे सोयरीक ठरवताना जी चौकशी कुजबुजत होते, ती तिथं मोठ्यानं होते.

मला सर्वांत नवल वाटलं ते याचं की, पाळक ज्या मंडळीची सेवा करतो तिचा तो सभासद नसतो. त्याचं नाव प्रेस्बिटरीच्या पटावर असतं. म्हणून मंडळी रुसली तरी त्याला परस्पर घरी पाठवता येत नाही. तेही प्रेस्बिटरीसमोरच यावं लागतं. निवृत्त झाला तरी नाव पटावर राहतं. वारला की अमेरिकेतल्या असेंब्लीच्या इतिवृत्तात दिवंगतांच्या यादीत छापलं जातं. खबरींच्या त्या पानामागे असा पट आहे. अर्थात यात कागद फार, समित्या फार, आणि एक जागा भरायला कधी कधी वर्षही उलटतं. आम्हा कवींना तर एवढ्या बैठकांच्या नुसत्या कल्पनेनंच झोप येईल.

पाळक कोणी निवडायचा, या प्रश्नावर स्कॉटलंडमध्ये मोठी किंमत मोजली गेली आहे. १७१२ च्या कायद्यानं हा हक्क जमीनदारांकडे गेला. मंडळीला नको असलेला माणूसही जमीनदार आणून बसवू लागले. अखेर १८ मे १८४३ रोजी एडिंबरोत असेंब्ली भरली असताना थॉमस चामर्स आणि त्यांचे सोबती उठून बाहेर पडले. सुमारे बाराशेपैकी ४७४ पाळकांनी राजीनाम्यावर सह्या केल्या. म्हणजे राहतं घर गेलं, वेतन गेलं, देऊळ गेलं. कित्येकांनी उघड्या माळावर उपासना घेतली. स्ट्रॉन्शियन इथं जमीनदार जागा देईना, तेव्हा लोकांनी लोखंडाचं तरंगतं देऊळ बांधून घेतलं आणि १८४६ साली ते समुद्राच्या खाडीत नांगरलं! जमिनीवर मालकी जमीनदाराची, पाण्यावर नव्हे. पुढे १८७४ साली जमीनदारांचा तो हक्क रद्द झाला.

ही फूट मुंबईपर्यंत पोहोचली. भारतातल्या सगळ्या स्कॉटिश मिशनऱ्यांनी बाहेर पडलेल्यांची बाजू घेतली. आपल्या विल्सन कॉलेजचे जॉन विल्सन त्यांतलेच. शाळेच्या इमारती जुन्या चर्चच्या, त्या सोडाव्या लागल्या. विल्सन यांना खबरींचं मोल ठाऊक होतं. १८३० पासून 'ओरिएंटल ख्रिश्चन स्पेक्टेटर' हे मासिक त्यांनी मुंबईत चालवलं होतं. १८५२ साली कोल्हापुरात आलेले रॉयल वाइल्डर यांचंही तसंच. आपल्या अमेरिकेतल्या बोर्डाशी त्यांचं फाटलं, काही वर्षं त्यांनी एकट्यानं काम रेटलं, मग ते प्रेस्बिटेरियन बोर्डाकडे आले. मायदेशी परतल्यावर १८७८ साली त्यांनी प्रिन्स्टनहून 'द मिशनरी रिव्ह्यू' काढलं. जगभरच्या मिशनांची खबरबात देणारं ते मासिक त्यांच्या पश्चात १९३९ पर्यंत चाललं.

आपल्याकडे १९७० साली नागपुरात 'चर्च ऑफ नॉर्थ इंडिया' स्थापन झालं. त्यात अनेक पंथ एकत्र आले आणि बिशपही आले. मिरजेच्या त्या वृद्ध पाळकांना याचं वाईट वाटत नव्हतं. "एकी झाली ते बरं झालं," म्हणायचे, "पण पाचारणाच्या कागदावर धुणं धुणारीची आणि मामलेदाराची सही एकाखाली एक असायची, ते डोळ्यांपुढून जात नाही."

त्यांचं बोलणं ऐकताना मला आमच्या गावचे हाफिजसाहेब आठवत. बिहारकडचे होते. आम्हा पोरांना कुरआन शिकवायचे, पावसाळ्यात छत गळायला लागलं की आमच्या रेहाली स्वतः उचलून कोरड्या कोपऱ्यात नेऊन ठेवायचे. मशिदीच्या कमिटीत काही बिनसलं आणि एका शुक्रवारी खुतब्याला वेगळाच आवाज ऐकू आला. हाफिजसाहेब कुठे गेले, हे कोणी सांगितलं नाही. आम्ही पोरांनीही मोठ्यांना विचारलं नाही. त्यांचा हिशेब चुकता झाला का, पुढे त्यांना दुसरी मशीद मिळाली का, ते हयात आहेत का, कुठेच नोंद नाही.

स्कॉटलंडमध्ये ह्यू स्कॉट नावाच्या एका पाळकानं १५६० पासूनच्या पाळकांची गाववार नोंद जमवली. कुठे जन्मला, कधी रुजू झाला, लग्न कोणाशी, मुलं किती, मृत्यू केव्हा. त्यासाठी ते गावोगावची दप्तरं चाळत हिंडले. १८६६ पासून ते खंड छापले जाऊ लागले. त्यात नामांकित माणसं थोडी, चाळीस वर्षं एकाच खेड्यात बारसं-लग्न-माती करणारी माणसंच जास्त.

हे सगळं मी गेल्या वर्षी आमच्या जमातीच्या बैठकीत सांगितलं. एक बुजुर्ग हसले, म्हणाले, "पादऱ्यांचं आपल्याला काय करायचंय?" पण तरुण पोरांनी दोनशे पानी वही आणली. मशिदीत आजवर होऊन गेलेल्या पेशइमामांची सात नावं म्हाताऱ्यांना विचारून विचारून तिच्यात लिहून झाली आहेत. चौथ्या ओळीत नुसतं 'हाफिजसाहेब' आहे. त्यांचं पूर्ण नाव अजून कोणाला सांगता आलेलं नाही.