मॉन्स्टर ट्रकला ब्रशलेस मोटार

रिमोटवर पळणारा मॉन्स्टर ट्रक घरात आला की वर्ष-दीड वर्ष बरे जाते. मग एक दिवस मुलगा येऊन सांगतो, "पप्पा, याला ब्रशलेस करायचंय." ब्रशलेस म्हणजे काय, त्याला पैसे किती लागतील आणि ते पाण्यात तर जाणार नाहीत ना, असे तीन प्रश्न बापाच्या मनात उभे राहतात. आईच्या मनात चौथाही असतो, कारण असल्या बॅटऱ्या पेट घेतात हे तिने कुठेतरी ऐकलेले असते. या चारही प्रश्नांना इथे हात घालायचा आहे. आणि मुलगा म्हटले तरी वाचकांनी मुलगीही समजावी. स्क्रू पिळायला मिशा लागत नाहीत.

हे ट्रक मूळचे अमेरिकेतले. मिसुरी राज्यातल्या सेंट लुईस शहराच्या बॉब चँडलर यांनी आपल्या फोर्ड पिकअपला भलीमोठी चाके लावली, तिचे नाव ठेवले 'बिगफूट', आणि १९८१ साली जुन्या मोटारगाड्यांवरून ती चढवून त्यांचा चुराडा करून दाखवला. त्या खेळाचे वेड पसरले तसे खेळण्याचे कारखानेही जागे झाले. जपानच्या तामियाने १९८७ साली 'क्लॉड बस्टर' बाजारात आणला. टेक्सासमधल्या ट्रॅक्सस कंपनीचा 'स्टँपीड' १९९४ सालचा. गंमत अशी की २०१२ साली खुद्द बिगफूटही विजेवर चालणारा तयार झाला.

आपण उदाहरणाला स्टँपीडच घेऊ. मागच्या दोन चाकांवर चालणारा, बांधणीला सोपा, प्रत्येक भाग सुटा होणारा. हे 'सुटा होणारा' फार महत्त्वाचे आहे. जत्रेत किंवा खेळण्याच्या दुकानात मिळणाऱ्या स्वस्त गाडीत रिमोटचा संदेश घेणारा भाग, मोटारीचा वेग ठरवणारा भाग आणि स्टिअरिंग हे सगळे बहुधा एकाच छोट्या पट्टीवर जोडलेले असते. त्यातले एक काढून दुसरे बसवता येत नाही, आणि तिचे गिअरही त्या ताकदीचे नसतात. अशा गाडीला ब्रशलेस करण्याच्या नादी कुणीही लागू नये. मुलाने कितीही हट्ट धरला तरी नाही.

आता ब्रश म्हणजे काय ते पाहू. ज्यांनी घरच्या मिक्सरचे किंवा कामावरच्या ड्रिल मशीनचे 'कार्बन' बदलले आहेत त्यांना हे सांगायलाच नको. साध्या मोटारीत लोहचुंबक बाहेर कवचाला चिकटलेले असतात आणि तांब्याच्या तारेची वेटोळी आत फिरतात. फिरणाऱ्या वेटोळ्यांना वीज पोचवायची तर काहीतरी घासत राहिले पाहिजे, तेच हे ब्रश. ते घासतात, ठिणग्या उडतात, तापतात, झिजतात. स्टँपीडच्या साध्या नमुन्यात येणारी 'टायटन १२ टी' मोटार याच जातीची. ती वाईट नाही. पण चिखल-धूळ आणि रोजची दामटणी यांनी तिचा दम कमी होत जातो.

ब्रशलेस मोटारीत हा मामला उलटा केलेला असतो. लोहचुंबक आत आसावर फिरतो आणि वेटोळी बाहेर स्थिर राहतात. घासण्यासारखे काही उरतच नाही, झिजतात ती फक्त बेअरिंगे. मग वेटोळ्यांना पाळीपाळीने वीज द्यायची कुणी? ते काम इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर करतो. म्हणूनच नुसती मोटार बदलून भागत नाही. ब्रशच्या मोटारीचा जुना कंट्रोलर ब्रशलेस मोटार चालवू शकत नाही, दोन्ही जोडीनेच घ्यावी लागतात. हे दुकानदार सांगेलच असे नाही. हल्ली घरोघरी येणारे वीज वाचवणारे बीएलडीसी पंखे याच तत्त्वावर फिरतात. जुना पंखा ७०-७५ वॉट खातो, हा ३० वॉटच्या आसपास.

मोटारीतून तीन जाड तारा बाहेर येतात. ई-रिक्षाच्या मोटारीतूनही तशाच तीन निघतात, फक्त जाडीचा फरक. ज्या मोटारीत नुसत्या या तीनच तारा असतात तिला जोडताना कुठली तार कुठे, याची फार चिंता नको. ट्रक उलटा पळाला तर तिघींपैकी कोणत्याही दोन तारांची अदलाबदल करायची, की सुलटा पळतो. काही मोटारींना वेगळी बारीक केबलही असते. ती चुंबकाची जागा कंट्रोलरला कळवते, त्यामुळे गाडी हळू सुटतानाही अडखळत नाही. अशा मोटारीला मात्र अक्षरे पाहूनच तारा जोडाव्यात, तिथे अदलाबदल चालत नाही. बॅटरीकडच्या लाल-काळ्या तारांची गोष्ट तर फारच निराळी. तिथे एकदा उलटे जोडले की कंट्रोलर त्या क्षणी जळतो आणि तो दुरुस्त होण्याची आशा धरू नये. सोल्डर मारण्यापूर्वी दोनदा पाहावे, मारल्यावर तिसऱ्यांदा.

मोटारीवर एक आकडा लिहिलेला असतो, केव्ही. एका व्होल्टला, ओझे नसताना, ती मिनिटाला किती फेरे घेईल ते तो सांगतो. स्टँपीडच्या ब्रशलेस नमुन्यात कंपनी ३५०० केव्हीची मोटार देते. दोन सेलच्या ७.४ व्होल्टच्या लिथियम बॅटरीवर तिचे मिनिटाला २५,९०० फेरे होतात, तीन सेलच्या ११.१ व्होल्टवर ३८,८५०. हा गुणाकार मुलाकडून करून घ्यावा. तीन सेल का मागतोस, याचे उत्तर त्याला स्वतःलाच द्यावे लागेल.

कारण खरा घोटाळा मोटारीत नसून मोटारीच्या पुढे आहे. मोटारीची ताकद गिअरमधून, गिअरबॉक्समधून, दोन प्लॅस्टिकच्या शाफ्टमधून चाकापर्यंत जाते. जुनी मोटार दुबळी होती म्हणून हे सारे टिकून होते. नवी मोटार येताच या साखळीतली सगळ्यांत कच्ची कडी तुटते. ती बदलली की पुढची. आधी प्लॅस्टिकच्या गिअरचे दाते जातात, मग शाफ्ट पिळवटतो, मग चाकाच्या हबची भोके मोठी होतात. शिवाय वेग दुप्पट झाला तर भिंतीवर आदळण्याचा तडाखा दुप्पट होत नाही, चौपट होतो. ट्रक दोन-अडीच किलोचा आहे, आणि वस्तीच्या गल्लीत लहान पोरे रांगत असतात. असला ट्रक मोकळ्या मैदानावरच चालवावा.

म्हणून पैसे मोजताना मोटार आणि कंट्रोलर यांवरच थांबू नये. गिअरबॉक्समध्ये पोलादी गिअर आणि मजबूत शाफ्ट हे धरूनच हिशोब करावा. मोटारीच्या आसावरचा लहान गिअर, म्हणजे पिनियन, सुरुवातीला कमी दातांचा बसवावा. वेग थोडा कमी मिळतो, पण मोटार गार राहते. पिनियन आणि मोठा गिअर यांच्यात किती फट ठेवायची? वहीच्या कागदाची बारीक पट्टी दोघांच्या मधे घालून मोटार दाबून बसवावी, स्क्रू आवळावेत आणि पट्टी फिरवून बाहेर काढावी. हवी तेवढी फट आपोआप राहते. जुन्या मेकॅनिकांची ही युक्ती कुठल्याही महागड्या साधनापेक्षा चांगली आहे. मोठ्या गिअरशेजारी स्प्रिंगचा एक नट असतो, तो स्लिपर क्लचचा. तो पूर्ण आवळू नये. ट्रक सुटताना क्लच क्षणभर घसरला पाहिजे, म्हणजे पहिला झटका दात्यांवर येत नाही.

आता आईचा प्रश्न. लिथियम पॉलिमर बॅटरीला घाबरायचे कारण आहे, पण नियम पाळले तर ती घरात नांदते. तिचा एकेक सेल भरल्यावर ४.२ व्होल्ट असतो. तो ३ व्होल्टच्या खाली गेला तर बिघडतो, आणि बिघडलेला सेल पुन्हा चार्ज करताना फुगू किंवा पेटू शकतो. कंट्रोलरमध्ये बॅटरी संपत आली की मोटार बंद करणारी सोय असते, पण ती चालू करावी लागते. ट्रॅक्ससच्या कंट्रोलरवर हिरवा दिवा म्हणजे सोय चालू, लाल म्हणजे बंद. लिथियम बॅटरी लावून लाल दिव्यावर ट्रक पळवणे म्हणजे बॅटरी हाताने मारणे होय.

चार्जर प्रत्येक सेल वेगळा सांभाळणारा, म्हणजे बॅलन्स चार्जरच हवा. ५००० एमएएचच्या बॅटरीला ५ अँपिअरपेक्षा जास्त करंट देऊ नये. आणि आपली घरे पाहता हे ठळक सांगायला हवे : एकाच खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि झोप असते, तिथे रात्री बॅटरी चार्जिंगला लावून झोपायचे नाही. गादीवर नाही, कपड्यांच्या ढिगाशेजारी नाही, गॅसजवळ तर नाहीच. दिवसा, कुणी जागे आणि समोर असताना, उघड्या दाराजवळच्या फरशीवर किंवा तळाला वाळू घातलेल्या मातीच्या कुंडीत ठेवून चार्ज करावी. फुगलेली बॅटरी पुन्हा कधी लावू नये. धूर निघू लागला तर ती उचलायला जाऊ नये, आधी पोरांना बाहेर काढावे, धूर विषारी असतो. आठवडाभर ट्रक चालवायचा नसेल तर बॅटरी भरून ठेवू नये, दर सेलला ३.८ व्होल्टच्या आसपास ठेवावी.

हे सारे करावे की नाही? गिअरबॉक्स आधीच खडखडत असेल आणि घरात इतर ओढ असेल तर करू नये. साधी नवी ब्रशची मोटार कितीतरी कमी पैशात मिळते आणि ट्रक पुन्हा पहिल्यासारखा पळतो. ब्रशलेसची जोडी, बॅटरी, चार्जर, पोलादी गिअर असे धरले तर खर्च कित्येक हजारांत जातो. पण मुलगा आयटीआयला जायचे म्हणत असेल, सोल्डरिंग आणि मल्टिमीटर स्वतः शिकायला तयार असेल, तर पैसे एकदम न देता टप्प्याटप्प्याने द्यावेत : आधी गिअर आणि शाफ्ट, मग चार्जर, मोटार शेवटी. बहुतेक मुले उलट क्रमाने मागतात.

कंट्रोलरला रिमोटची ओळख करून देताना पिनियन काढून ठेवावा, किंवा निदान चाके जमिनीपासून उचललेली असावीत. आधी रिमोट चालू, मग ट्रक. बंद करताना आधी ट्रक, मग रिमोट. पहिल्या दिवशी पाच मिनिटे चालवून थांबावे आणि मोटारीला बोट लावून पाहावे. बोट ठेवता येत नसेल इतकी तापली असेल तर पिनियन आणखी कमी दातांचा हवा. फार तापलेल्या मोटारीतला लोहचुंबक कायमचा दुबळा होतो. कंट्रोलर आणि बॅटरीचा प्लगही चाचपावा. जुने पांढरे प्लग एवढ्या करंटला वितळतात, त्यांच्या जागी एक्सटी ६० जातीचे पिवळे प्लग बसवावेत. घरी आल्यावर गरम बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नये. ती गार होईपर्यंत चाकांच्या मागे गुंडाळलेले दोरे आणि केस चिमट्याने काढावेत, राहिले तर ते बेअरिंगमध्ये शिरतात.