बारा इंची चाकं, तेरा इंची हट्ट

माझ्या भाच्याने जुनी मारुती ८०० घेतली, तेव्हा घरात कोणालाच ते पटलं नव्हतं. एका रविवारी फोन आला, "मामा, जरा येऊन बघा तरी." गेलो, तर गाडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं उतरवलेली आणि हा पठ्ठ्या चटई टाकून तिच्या पोटाखाली. कंपनीने दिलेली १२ इंची चाकं काढून त्याला १३ इंची अलॉय बसवायची होती. का, तर "भारी दिसतात."

दिसण्याचं बाजूला ठेवू. पुढचा अर्धा तास त्याने मला टायर वाचायला शिकवलं. जुन्या टायरवर १४५/७० आर १२ असं लिहिलेलं. १४५ ही मिलिमीटरमधली रुंदी, ७० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के, आणि १२ हा रिमचा व्यास इंचांत. हिशेब केला की बाहेरचा व्यास ५०८ मिलिमीटर येतो. त्याने निवडलेला १५५/६५ आर १३ भरतो ५३२ मिलिमीटर. चाक थोरलं झालं की एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर कापते, पण स्पीडोमीटरला त्याचा पत्ता नसतो. तो जुन्याच मापाने फेरे मोजत राहतो. काट्यावर ६० दिसतील तेव्हा गाडी ६३च्या घरात असेल. हे मला कोण सांगतंय, तर दहावीला गणितात काठावर निघालेला मुलगा!

गाडीत बदल करायच्या नादाकडे आपण उधळपट्टी म्हणून बघतो. काही वेळा ती असतेही. पण ज्याला खरोखर चटक लागते, त्याचा आनंद विकत घेतलेल्या वस्तूत कमी आणि बोटांना लागलेल्या ग्रीसमध्ये जास्त असतो. मायकेल नॉर्टन, डॅनियल मोशॉन आणि डॅन अरिएली या संशोधकांनी २०१२ साली यावर एक निबंध प्रसिद्ध केला. स्वतः जोडलेल्या साध्या खोक्याची किंवा घडी घातलेल्या कागदी पक्ष्याची किंमत माणसं इतरांपेक्षा चढी लावतात, असं त्यांना दिसलं. मात्र काम पुरं झालं तरच. अर्धवट राहिलं की माया उरत नाही. घरी केलेला आकाशकंदील वाकडा असला तरी दारात तोच का लागतो, हे ज्याला ठाऊक आहे त्याला या निबंधाची गरज नाही.

मोटारीच्या बाबतीत स्वतःच्या हाताने काही करण्याची ही भूक आणखी तीव्र, कारण मोटार ही ठशातून काढलेल्या गणपतीसारखी, एकासारखी दुसरी. १९०८ ते १९२७ या काळात फोर्डने दीड कोटीच्या वर 'मॉडेल टी' काढल्या आणि त्यात १९१४ ते १९२५ पर्यंत रंग एकच, काळा. लोकांनी काय केलं? कोणी मागचं चाक उचलून त्यावर पट्टा चढवला आणि लाकडं कापली, कोणी मडगार्ड काढून वजन उतरवलं. पुढे कॅलिफोर्नियातल्या एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांत पोरं जुन्या फोर्ड सोलून पळवू लागली. ते हॉट रॉड.

पण मला मोह पडतो तो त्यांच्या उलट्या चालीच्या लोरायडरचा. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन वंशाच्या वस्त्यांमधली तरुण मंडळी गाड्या जमिनीलगत आणून संथ चालवत. १९५०च्या दशकाअखेरीस कॅलिफोर्नियाने कायदा केला की गाडीचा कोणताही भाग रिमच्या खालच्या कडेपेक्षा खाली जाता कामा नये. रॉन अगिरे याने विमानातले हायड्रॉलिक पंप आपल्या कॉर्व्हेटला बसवले. पोलीस दिसला, बटण दाबलं, गाडी कायदेशीर उंचीवर. पोलीस गेला, गाडी परत खाली. कायद्याला बगल द्यायला निघालेली ही युक्ती पुढे कलाच झाली. गाड्या चौकात नाचू लागल्या. जेसी व्हॅलाडेझ यांची 'जिप्सी रोझ' ही १९६४ची गुलाबी इम्पाला, अंगभर रंगवलेल्या गुलाबांची, २०१७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय ऐतिहासिक वाहनांच्या नोंदीत गेली. आणि तो उंचीचा नियम १ जानेवारी २०२४ पासून बाद झाला.

आपल्याकडे बदलाची सुरुवात शोरूमच्या दारातच होते: हार, स्वस्तिक, चाकाखाली लिंबू. मग मागच्या काचेवर 'आईचा आशीर्वाद' किंवा राजमुद्रा. नंबरप्लेटवरची आपली कलाकारी तर वेगळ्या लेखाचा विषय आहे. इंग्रजी आकड्यांतले ४१४१ असे वळवायचे की 'दादा' वाचलं जावं, आणि २१४ मिळाला तर साक्षात 'राम'. एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना उच्च सुरक्षा पाटी सक्तीची झाली, तेव्हा ही लिपी आता विझत चालली.

गाडीतल्या बदलांबद्दलचा कायदा मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५२ मध्ये आहे. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की उत्पादकाने ठरवलेल्या मूळ तपशिलांशी फारकत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. हौशी मंडळी यावर हळहळतात, आणि मी निम्मा त्यांच्या बाजूने आहे. उरलेला निम्मा बुलबारच्या विरोधात. पुढे लावलेली ती लोखंडी चौकट रुबाबदार दिसते खरी, पण धडकेत मोडून धक्का खाण्यासाठी बनवलेल्या भागांना ती मोडूच देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवू शकते आणि समोरच्या पादचाऱ्याचा तर जीवच घेईल. २०१७ अखेरीस केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला कळवलं, ते बरं केलं. रात्री दोनला फटाके फोडणाऱ्या सायलेन्सरबद्दल तर बोलायलाच नको. तिथे कारागिरी शून्य, उपद्रव पूर्ण.

भाच्याने तसलं काही केलं नाही. चाकं बसली, मडगार्डला घासत नाहीत हे स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून त्याने दहा वेळा बघितलं. मग आम्ही दोघं एक चक्कर मारून आलो. काटा ६०वर आला की तो हळूच म्हणे, "त्रेसष्ट."

परत आल्यावर त्याने जुनी चारही चाकं धुतली, पुसली, गोणपाटात गुंडाळली आणि माळ्यावर चढवायला मला खालून हात लावायला सांगितला. भंगारात का देत नाहीस, मी विचारलं.

"पासिंगला लागतात, मामा."