इव्हॉन आणि सावित्री

'इव्हॉन' हे फ्रेंच मुलींचे जुने नाव, 'ईव' या पुरुषी नावाचे स्त्रीरूप. मुळाशी 'यू' नावाच्या वृक्षाचा जर्मेनिक शब्द आहे. त्याच्या चिवट, लवचिक लाकडाची युरोपात धनुष्ये होत. हिमालयातल्या त्याच्या भाऊबंदाला थुनेर म्हणतात. (आमचे शिक्षण हिंदी माध्यमातले, म्हणून हाच शब्द आधी आठवला!)

विद्यार्थी मित्रांनो, परमवीरचक्र तुम्ही चित्रात पाहिले असेल. मध्ये राजमुद्रा, भोवती इंद्राची चार वज्रे. ते रेखाटणाऱ्या सावित्रीबाई खानोलकर १९१३ साली स्वित्झर्लंडमध्ये जन्मल्या, तेव्हा त्यांच्या नावात इव्हॉन होते. १९३२ मध्ये विक्रम खानोलकर या मराठी लष्करी अधिकाऱ्याशी विवाह झाला आणि त्या सावित्री झाल्या. सवितृ म्हणजे सूर्य, त्यावरून हे नाव. दधीची ऋषींनी वज्रासाठी अस्थी दिल्या, ही कथा त्यांना आपल्यापैकी अनेकांपेक्षा चांगली ठाऊक होती.

आपल्याकडेही लग्नात ताटातल्या तांदळावर सुनेचे नवे नाव लिहितात. लिहावे, पण आधी तिला विचारावे, असे आम्हांस वाटते. शाळेच्या दाखल्यावर मात्र पहिलेच नाव राहते. म्हणून नाव बदललेल्या माजी विद्यार्थिनींनी विवाह नोंदणीचा दाखला जपून ठेवावा.